'टिग्रिसी एउरोपी': हसायचं नेमकं कुणाला?

चौकस: दिग्दर्शक येझी ग्रुझा यांची 'टिग्रिसी एउरोपी' (युरोपचे वाघ) ही पोलिश टीव्ही मालिका १९९९ची. साम्यवाद जाऊन दहा वर्षं झालीत आणि यानुश रेविन्स्की अचानक गब्बर झालेला एदवर्द नोवोबोगात्स्की रंगवतात. काम झकास, वादच नाही. पण हसू येतं ते त्याच्या ऐटीवर, थाटामाटावर. पैसा आला कुठून, हा प्रश्न मागेच पडतो असं मला वाटतं. शिकल्यासवरलेल्यांनी अडाणी श्रीमंताला नाकं मुरडण्यात कसलं आलंय धाडस?

नदीकाठ: अजिबात पटलं नाही. ग्रुझांचं आधीचं काम बघा. 'च्तेर्जेस्तोलातेक' (चाळिशीतला माणूस) या सत्तरच्या दशकातल्या मालिकेत त्यांनी साम्यवादी राजवटीतला इंजिनिअर कार्वोव्स्की उभा केला, १९९३मध्ये त्यालाच नव्या पोलंडमध्ये आणून सोडला. ज्या काळात ज्याची चलती, त्याच्यावर त्यांचा कॅमेरा. १९९९मध्ये चलती कुणाची होती? आणि थाटमाट वरवरचा कसा? माणूस पैसा कशावर उधळतो, त्यातच तो कळतो.

ओवी: मी पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला राहते. इथले वयस्कर लोक त्या दिवसांबद्दल सांगतात ते वेगळंच. डिसेंबर १९८८च्या विल्चेक कायद्याने कुणालाही धंदा करायची मुभा मिळाली. लोकांनी फुटपाथवर घडीच्या खाटा उघडल्या. खाट हेच दुकान, त्यावर सीमेपलीकडून पिशव्या भरभरून आणलेला माल, आणि मागे थंडीत दिवसभर उभी असलेली बाई. त्यातले काही पुढे बंगलेवाले झाले. त्यांच्या सोफ्याच्या रंगावर कुणी हसलं की मला राग येतो.

चौकस: ओवीताई, माझं दुखणं हेच आहे. खाटेवाली आणि 'आर्ट-बी' या कंपनीचे मालक एका माळेचे मणी नव्हेत. 'आर्ट-बी'ने काय केलं? बँकांचे चेक तेव्हा कागदावर, टपालाने फिरायचे, वटायला दिवस लागायचे. त्या मधल्या दिवसांत एकाच रकमेवर एकाच वेळी अनेक बँकांकडून व्याज उकळलं, तेही त्या काळच्या चढ्या दराने. १९९१मध्ये दोघे मालक इस्रायलला पसार! व्यंग करायचं तर यावर करा.

नदीकाठ: ते वर्तमानपत्रांनी लिहिलंच होतं, लोकांना माहीत होतं. मालिका बघणारा कोण, याचा विचार करा. १९९०मध्ये भाव सरासरीने आदल्या वर्षाच्या जवळजवळ सातपट झाले. आयुष्यभराची पुंजी मातीमोल झालेला पेन्शनर संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो. नोवोबोगात्स्कीवर तो पोट धरून हसला, तर तुम्ही त्याला शिष्ट म्हणणार?

ओवी: पेन्शनरला नाही म्हणणार. पण खाटेवालीची पुंजीही त्याच महागाईत गेली होती, म्हणून तर ती फुटपाथवर आली. तिलाही संध्याकाळी तोच टीव्ही होता. तिने कुणावर हसायचं?