नीटची फिजिक्सची सूत्रं डोक्यात राहतच नाहीत, काय करू?

राजारामपुरीची बीग्रुपवाली:
बारावी झाली, आता नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा रिपीट करतेय. बायो एनसीईआरटीतनं जवळजवळ तोंडपाठ आहे पण फिजिक्सची सूत्रं रात्री पाठ केली की सकाळी निम्मी गायब, आणि राहिलेली एकमेकात मिसळतात, कपॅसिटर सिरीजला कसे आणि रेझिस्टन्स कसे यात तर प्रत्येक टेस्टला घोळ. भिंतीवर चार्ट पण लावलाय. ७२० पैकी १८० मार्क फिजिक्सचे आहेत आणि मला इथंच कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलला, शाहू महाराज मेडिकल कॉलेजलाच जायचंय. सांगा ना कुणीतरी.

एमबीबीएसवाला दादा:
अगं पाठ करू नको, कुठनं आलं ते हातानं लिहून काढ. सिरीजमध्ये कपॅसिटरवर चार्ज सारखाच असतो आणि व्होल्टेज वाटलं जातं, व्ही म्हणजे क्यू बाय सी, मग बेरीज वन बाय सी चीच होणार की. रेझिस्टन्सला करंट सारखा, व्ही म्हणजे आय आर, म्हणून आर ची सरळ बेरीज. स्प्रिंगला पण हेच लाव, सिरीजमध्ये फोर्स सारखा आणि लांबीतली वाढ एफ बाय के, म्हणजे ती कपॅसिटरसारखी. आणि चार्ट काढून टाक, रोज नजरेसमोर असलं की येतंय असं वाटत राहतं. कोरा कागद घे, न बघता लिही, अडलं तरच वही उघड.

फिजिक्सवाले सर:
बरोबर आहे, पण १८० मिनिटांत १८० प्रश्न, तिथं सगळं सिद्ध करत बसता येत नाही. काही गोष्टी जिभेवरच पाहिजेत, फोटॉनची एनर्जी म्हणजे १२४० भागिले नॅनोमीटरमधली वेव्हलेंग्थ, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, हायड्रोजनच्या एन व्या पातळीची एनर्जी मायनस १३.६ भागिले एन स्क्वेअर. शंका आली तर युनिट तपास बाळा, एल बाय जी चं युनिट सेकंद स्क्वेअर येतं म्हणून पेंड्युलमच्या पिरियडला रूट असणारच. फक्त टू पाय युनिटवरनं कळत नाही, तो पाठच करायचा. चुकलं तर एक मार्क जातो म्हणून ही सवय लाव.

राजारामपुरीची बीग्रुपवाली:
थँक्यू दादा, थँक्यू सर!! कपॅसिटरचं आत्ता लिहून बघितलं, खरंच दोन ओळीत आलं. सर, आरसा आणि लेन्समध्ये प्लस कुठं आणि मायनस कुठं?

फिजिक्सवाले सर:
साधा सपाट आरसा आठव. वस्तू जेवढी पुढं तेवढीच प्रतिमा मागं, म्हणजे व्ही (प्रतिमेचं अंतर) बरोबर मायनस यू (वस्तूचं अंतर), आणि फोकस अनंतावर म्हणून सूत्रात उजवीकडचं वन बाय एफ शून्य. वन बाय व्ही प्लस वन बाय यू केलं तरच शून्य येतं. आता पातळ सपाट काच धर, वस्तू आहे तिथंच दिसते, व्ही बरोबर यू, तिथं शून्य यायला मायनसच लागतो. म्हणून लेन्सला मायनस.