ईएनएफजे व्यक्तिमत्त्व: इतरांचे मन लगेच कळते, मग स्वतःचे मत का ठरत नाही?

इतवारीची वाचक (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आमच्याकडून मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची, म्हणजे चार अक्षरांत व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणारी, प्रश्नावली सोडवून घेण्यात आली आणि माझा प्रकार ईएनएफजे (ई म्हणजे बहिर्मुख, एन म्हणजे अंतःप्रज्ञा, एफ म्हणजे भावना, जे म्हणजे निर्णयाकडे कल) निघाला. त्याचे वर्णन वाचताना बरेचसे पटले. वर्गात शिरणाऱ्या मुलीचा चेहरा पाहून तिच्या घरी काहीतरी बिनसले आहे हे मला जाणवते, स्टाफरूममध्ये कोणाचे कोणाशी पटेनासे झाले आहे हे कोणी न सांगता कळते, आणि दोघांना पुन्हा बोलते करण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. मात्र त्या वर्णनात पुढे ‘कॉग्निटिव्ह फंक्शन्स’चा, म्हणजे मनाच्या कार्यांचा, विषय निघाला आणि तेथे माझे आकलन थांबले. बहिर्मुख भावना, अंतर्मुख अंतःप्रज्ञा, बहिर्मुख संवेदन आणि अंतर्मुख विचार असा क्रम दिलेला आहे. तो कोठून येतो आणि त्याचा प्रत्यक्ष वागण्याशी संबंध काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

माझ्या मनात आणखी दोन शंका आहेत. बैठकीत प्रत्येकाला काय हवे आहे ते मला सांगता येते, परंतु ‘तुमचे स्वतःचे मत काय?’ असे कोणी विचारले की मी अडखळते. आणि कोणी माझ्या कामावर टीका केली की एरवी समजूतदार असणारी मी एकाएकी कोरडी होते, समोरच्याच्या शब्दाशब्दात तर्कातील चुका शोधू लागते. हा स्वभावाचा विरोधाभास या सिद्धांतात कोठे बसतो का? ईएसएफजे (अंतःप्रज्ञेच्या जागी संवेदन) या जवळच्या प्रकाराशी माझी गल्लत होत असेल, तर तेही कृपया सांगावे.

महालचे जुने रहिवासी

ताई, मी अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली व्यक्तिमत्त्व प्रकारांवरचा आपला ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीत मनाची चार कार्ये आहेत: संवेदन (इंद्रियांना प्रत्यक्ष जाणवणारे) आणि अंतःप्रज्ञा (कारण न सांगता आतून उमगणारे) ही जे आहे ते टिपणारी, तर विचार आणि भावना ही टिपलेल्या गोष्टींविषयी निर्णय करणारी. प्रत्येक कार्य बाहेरच्या जगाकडे वळलेले असते किंवा स्वतःच्या अंतर्विश्वाकडे, त्यामुळे आठ रूपे होतात. अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी या पायावर प्रश्नावली तयार केली, जी 1962 साली प्रथम प्रकाशित झाली. चारांपैकी शेवटचे अक्षर ही या मायलेकींची भर आहे आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

‘जे’ हे अक्षर केवळ शिस्तप्रियता दर्शवते असे पुष्कळांना वाटते. क्रम काढताना त्याचा अर्थ असा की निर्णय करणारे कार्य बाहेरच्या जगात वापरले जाते. तुमचे निर्णयकार्य भावना, म्हणून ती बहिर्मुख. तुमचा एकूण कल बहिर्मुख असल्यामुळे जे बाहेर वापरले जाते तेच प्रमुख ठरते. दुसरे कार्य पहिल्याला पूरक असावे लागते, म्हणजे ते टिपणारे हवे आणि आत वळलेले हवे. म्हणून अंतर्मुख अंतःप्रज्ञा. तिसरे हे दुसऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे संवेदन, आणि चौथे पहिल्याच्या थेट विरुद्ध, म्हणजे अंतर्मुख विचार. तिसऱ्या कार्याच्या दिशेबाबत अभ्यासकांत एकमत नाही. काही जण ते बहिर्मुख मानतात, तर काही अंतर्मुख. त्यामुळे दोन ठिकाणी वेगवेगळा क्रम वाचायला मिळाला, तर गोंधळून जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. युंग यांच्या दृष्टीने भावना म्हणजे उमाळा किंवा डोळ्यांत येणारे पाणी नव्हे. ते विचाराइतकेच विवेकाचे कार्य आहे. विचार हे खरे की खोटे ते ठरवतो. भावना हे मोलाचे की बिनमोलाचे, योग्य की अयोग्य ते ठरवते. अंतर्मुख भावना असलेली व्यक्ती हे मोल स्वतःच्या आतील कसोटीवर लावते. बहिर्मुख भावना तेच मोल माणसांमध्ये सामायिक असलेल्या मापाने लावते: या घरात, या वर्गात, या प्रसंगी सर्वांना काय उचित वाटेल? म्हणून बैठकीत तुम्ही जेव्हा प्रत्येकाची गरज ओळखता, तेव्हा तुमचा निर्णय सुरूच असतो. तुम्ही अडखळता ते मत नसल्यामुळे, असे मला वाटत नाही. त्या क्षणी तुम्हाला माणसे बाजूला ठेवून उत्तर मागितले जाते आणि तुमचे प्रमुख कार्य माणसांवाचून चालत नाही, हे त्याचे कारण असावे.

टीकेनंतरच्या कोरडेपणाबद्दल युंग यांनी केलेले निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. ज्यांची भावना बहिर्मुख आणि प्रबळ असते, त्यांचा विचार भावनेला अडथळा होईल तेथे दाबला जातो, आणि तो दाबलेला विचार कधीतरी हीन लेखणाऱ्या, बोचऱ्या स्वरूपात वर येतो. तेही नेमका अशा माणसांविषयी, ज्यांना ती व्यक्ती सर्वाधिक मानते. चौथे कार्य कमी वापरलेले असते, त्यामुळे ताणाखाली ते ओबडधोबड रीतीने बाहेर पडते. शब्दाशब्दात चुका शोधणे हा अंतर्मुख विचारच आहे, परंतु न घडवलेला. मात्र युंग यांनी हा प्रकार मुख्यतः स्त्रियांचा मानला होता. ते त्यांच्या काळाचे मत समजून बाजूला ठेवावे.

आकडेवारी आवडते

वरील विवेचन सिद्धांत म्हणून उत्तम आहे, पण प्रश्नकर्त्या ताईंनी आपली चार अक्षरे किती घट्ट धरावीत, हेही कोणीतरी सांगायला हवे. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण अशा प्रश्नावल्या आता महाविद्यालयांत आणि कंपन्यांत सर्रास दिल्या जातात.

माणसांचे गुण दोन कप्प्यांत पडत नाहीत. बहिर्मुखतेचे गुणांक मांडले तर बहुसंख्य लोक मध्याच्या आसपास आढळतात, आणि मध्याच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन उत्तरे बदलली की अक्षर बदलते. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली सोडवणाऱ्या अनेकांचे एखादे अक्षर वेगळे येते ते यामुळेच. 1989 साली रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी या प्रश्नावलीची तुलना पंचघटक प्रतिमानाशी, म्हणजे व्यक्तिमत्त्व पाच मोठ्या गुणांच्या मापांवर मांडणाऱ्या पद्धतीशी, केली, तेव्हा चारही मापे त्या प्रतिमानातील चार घटकांशी जुळली, परंतु वेगवेगळे ‘प्रकार’ अस्तित्वात असल्याचा आधार त्यांना मिळाला नाही. कार्यांचा जो क्रम वर सांगितला आहे, त्याला प्रयोगांचे पाठबळ तर आणखीच कमी आहे. शिवाय इंटरनेटवरील एक अतिशय लोकप्रिय मोफत चाचणी हीच अक्षरे वापरते, पण आतून पंचघटक प्रतिमानावर आधारलेली आहे. तिच्या निकालावरून कार्यांचा क्रम काढणे योग्य नाही.

वर्णन ‘बरेचसे पटले’ याविषयीही सावध राहावे. 1948 साली बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला, हे तुमचेच विश्लेषण आहे असे सांगून, एकच मजकूर दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. ‘तुम्ही इतरांची काळजी घेता, पण स्वतःकडे दुर्लक्ष करता’ हे वाक्य आपल्याकडे कोणत्या गृहिणीला किंवा शिक्षिकेला लागू पडणार नाही? म्हणून अक्षरांवरून कोणाची नेमणूक, बढती किंवा लग्न ठरवू नये. नोकरीसाठी निवड करताना ही प्रश्नावली वापरू नये, असे तिचे प्रकाशकही सांगतात.

दीक्षाभूमी मार्गावरील स्वयंसेवक

कप्पे पक्के नसतात हे मान्य आहे, तरीही ईएनएफजे आणि ईएसएफजे यांतील फरक मला प्रत्यक्ष कामात दिसला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या अनुयायांसाठी रहाटे कॉलनी चौकापासून आजूबाजूच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात आणि मी त्यांपैकी एका मंडपात दरवर्षी काम करतो. आमच्याकडे दोन ताई व्यवस्था पाहतात. दोघींचेही लक्ष सतत माणसांवर असते, दोघीही कोणाला उपाशी जाऊ देत नाहीत. बहिर्मुख भावना दोघींचीही प्रमुख असावी असे मला वाटते.

परंतु पहिल्या ताईंना मागील वर्षीचे सारे तपशील आठवतात: कोणत्या वेळी पाणी संपले होते, कोणत्या गावची मंडळी रेल्वेने उशिरा येतात, कोणत्या आजीबाईंना तिखट चालत नाही. त्या अनुभवावर विसंबून नेमकी तीच सोय पुन्हा उभी करतात. हे अंतर्मुख संवेदनाचे काम आहे आणि ईएसएफजेच्या क्रमात ते दुसरे येते. दुसऱ्या ताई तपशील विसरतात, पण रांगेकडे थोडा वेळ पाहून सांगतात की तासाभरात येथे रेटारेटी होणार, किंवा तो उत्साहाने वाढणारा मुलगा आतून खचला आहे, त्याला आता बसवा. कशावरून, असे विचारले तर त्यांना सांगता येत नाही आणि तरी बहुतेक वेळा तसेच घडते. अनेक लहान खुणांतून पुढचे एकच चित्र तयार होणे ही अंतर्मुख अंतःप्रज्ञा.

इतवारीच्या ताईंनी स्वतःला एवढेच विचारून पाहावे की विद्यार्थिनीचे दुःख त्यांना कशावरून जाणवते. ‘मागच्या वर्षी अशाच एका मुलीच्या घरी असे झाले होते’ यावरून, की कारण सांगता न येणाऱ्या जाणिवेवरून? माणसांची काळजी दोन्ही प्रकारांत असते, म्हणून फरक तेथे शोधून सापडत नाही. तो माहिती कशी गोळा होते यात आहे.

इतवारीची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझी जाणीव बहुतेक वेळा दुसऱ्या ताईंसारखी असते, कारण मलाही ‘कशावरून’ याचे उत्तर देता येत नाही. आकडेवारीविषयीचा इशाराही लक्षात घेतला. आता एक शेवटची शंका. बहिर्मुख भावना म्हणजे सर्वांना खूश ठेवणे, असे आमच्या प्रशिक्षकांनी सूचित केले होते. ते बरोबर आहे का? आणि दिवसभर इतरांचे ऐकून संध्याकाळी मी पूर्ण थकलेली असते. त्यावर उपाय असल्यास सांगावा.

सक्करदऱ्याची समुपदेशक

ताई, प्रशिक्षकांचे विधान मला अपुरे वाटते. सर्वांना खूश ठेवण्यामागे पुष्कळदा नाकारले जाण्याची भीती असते आणि ती कोणत्याही प्रकारच्या माणसात असू शकते. बहिर्मुख भावना परिपक्व असेल तर ती व्यक्ती समूहाच्या भल्यासाठी समूहाला न आवडणारी गोष्टही बोलते. एका शिक्षकाची सर्वांसमोर थट्टा होत असेल आणि सगळे हसत असतील, तर ‘हे आपल्याला शोभत नाही’ असे सांगणारी व्यक्ती त्या क्षणी कोणालाच खूश करत नसते. ती सर्वांनी मिळून मानलेले मोल जपत असते.

थकव्याकडे मी गांभीर्याने पाहीन. सहानुभूतीचे दोन भाग संशोधनात वेगळे केले जातात आणि डॅनियल बॅटसन यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले आहे. एकात समोरच्याविषयी कळकळ वाटते आणि मदतीची इच्छा होते. दुसऱ्यात त्याचे दुःख आपल्याच अंगावर आल्यासारखे होऊन आपणच अस्वस्थ होतो, आणि मग धडपड आपली अस्वस्थता थांबवण्यासाठी सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका, परिचारिका आणि घरातील थोरल्या सुना बहुधा या दुसऱ्या भागाने दमलेल्या असतात. मुलीचे ऐकताना ‘हिला आत्ता माझ्याकडून काय हवे आहे?’ हा प्रश्न मनाशी ठेवला, तर लक्ष तिच्याकडे राहते आणि तिचे ओझे आपले होत नाही. पुष्कळदा तिला केवळ ऐकणारे कोणीतरी हवे असते.

स्वतःच्या मताविषयी एक सवय सुचवते. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळले की कोणाशीही बोलण्याआधी, एकटीने, कागदावर आपले मत आणि त्याची कारणे लिहून काढावीत. कोणाला काय वाटेल हा मजकूर त्यात येऊ देऊ नये. तो दुसऱ्या कागदावर लिहावा, कारण तोही महत्त्वाचा आहे. बैठकीत विचारणा झाली तर पहिला कागद आधी वाचावा. महालच्या सरांनी ज्या न घडलेल्या विचाराचा उल्लेख केला, तो शांत वेळी असा वापरात आला की टीकेच्या प्रसंगी तेवढा बोचरा होत नाही, असा माझा अनुभव आहे. टीका झालीच, तर तेथल्या तेथे उत्तर न देता ‘मी विचार करून उद्या सांगते’ एवढेच म्हणावे आणि खरोखर दुसऱ्या दिवशी सांगावे.

झोप उडाली असेल, भूक मंदावली असेल किंवा वर्गात जाण्याचीच इच्छा होत नसेल, तर मात्र व्यक्तिमत्त्व प्रकारांचे वाचन बाजूला ठेवून प्रत्यक्ष समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करूनही बोलता येते.