'मूनस्ट्रक'ला समीक्षकांनी एवढे का उचलून धरले?

प्रश्न : आमच्या इंदूरच्या चित्रपटप्रेमी गटात नॉर्मन ज्युइसन यांचा 'मूनस्ट्रक' (१९८७) दाखवायचा आहे. ब्रुकलिनमधल्या इटालियन-अमेरिकन कुटुंबाची ही प्रेमकथा मला मनापासून आवडते; परंतु त्यातले हातवारे, आरडाओरडा आणि ऑपेरा हे सारे साचेबंद आहे, असा आक्षेप एका सभासदांनी घेतला आहे. समीक्षकांचे मत काय होते?

उत्तर १ : अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले होते. ऑस्करच्या सहा नामांकनांपैकी शेर व ऑलिंपिया डुकाकिस या अभिनेत्री आणि पटकथाकार जॉन पॅट्रिक शॅनली यांना पुरस्कार मिळाले, तर बर्लिन महोत्सवात ज्युइसन दिग्दर्शनासाठी गौरवले गेले.

उत्तर २ : आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही, कारण लेखक आयरिश वंशाचे, दिग्दर्शक कॅनडाचे आणि मायलेकी साकारणाऱ्या डुकाकिस व शेर अनुक्रमे ग्रीक व आर्मेनियन वंशाच्या आहेत, वडील झालेले व्हिन्सेंट गार्डेनिया मात्र नेपल्सचे. तरीही पावाच्या कापात अंडे तळून आई ते लाल मिरच्यांसह मुलीपुढे ठेवते, किंवा शेवटी सारे घर त्याच टेबलाभोवती जमते आणि म्हातारे आजोबा गोंधळून रडू लागतात, तेव्हा साचा मागे पडून माणसे उरतात, असे माझे ठाम मत आहे. इंदूरच्या रामबागेतल्या भरल्या घरात वाढलेल्यांना ते स्वयंपाकघर परके वाटणार नाही.

उत्तर ३ : सहमत. खेळापूर्वी 'ला बोएम' या ऑपेराचे कथानक थोडक्यात जरूर सांगावे, कारण नायिका मेट्रोपॉलिटन ऑपेरात तेच पाहताना रडते.