विकिपीडियावर लिहायला सुरुवात: आधी आपल्या गावाचं पान घ्यावं का?

धानपट्टा (भंडारा): आमच्या वाचनालयातली पोरं मराठी विकिपीडियावर लिहायला तयार झाली आहेत. माझं ठाम मत आहे की पहिलं पान आपापल्या गावाचंच घ्यावं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तरी आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या पानांवर तालुका आणि लोकसंख्या यापलीकडे फारसं काही नाही. मामा तलाव नाही, मंडईतली (दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली) नाटकं नाहीत. हे पुण्या-मुंबईचा माणूस कसं लिहील?

वैनगंगेकाठ: मला हे मान्य नाही. नवखा गावाचं पान उघडतो आणि ‘निसर्गरम्य गाव’, मग सरपंचांचं कौतुक असं लिहून जातो. संदर्भ नसला की मजकूर काढला जातो, पोरगं दुखावतं आणि परत फिरकत नाही. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) हात बसू द्या. मग जिल्ह्याच्या पानातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, एखाद्या वाक्याला संदर्भ जोडा.

धानपट्टा: ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला कोणी धानाच्या रोवणीच्या दिवसांत येणार नाही. माणसाचा जीव गावात असतो, म्हणून तो टिकतो.

गुरुजी_गोंदिया: गावापेक्षा विषय धरा. मामा तलावांवर छापील साहित्य आहे. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पसरलेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (शेतसारा वसुलीची जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडे आले, म्हणून ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’. भंडाऱ्याचं १९०८ चं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आहे, नंतरचे अभ्यासही आहेत. स्वतःचं संशोधन विकिपीडियावर चालत नाही, आजोबांची आठवण दाखला म्हणून चालत नाही.

झाडीचा_पोट्टा: गुरुजी, ते गॅझेटियर इंग्रज साहेबानं लिवलं. शेतसारा वसूल करनाऱ्याच्या नजरेतून आमचा तलाव किती दिसन? तुडूम, म्हंजे तलावाचं पानी सोडाचं तोंड, कवा उघडाचा, पानी आधी कोनाच्या बांधीत जाईन, हे आमच्या म्हाताऱ्यायले तोंडपाठ हाये. ज्या गावावर कोनं काही छापलंच नाई, ते गाव ज्ञानकोशात याचंच नाई का? हा नियम शहराच्या बाजूचा हाये, मी तं असंच म्हनीन.

वैनगंगेकाठ: तुमचा राग समजतो, पण नियम सैल केला तर तलावाची पाळ (बांध) कोणाच्या पणज्यानं बांधली हा दोन घराण्यांचा वाद थेट पानावर येईल आणि वाचकाला खरं-खोटं तपासायला काहीच उरणार नाही. म्हाताऱ्यांचं बोलणं आधी जिल्ह्याच्या वृत्तपत्रात किंवा चांगल्या संपादकाच्या अंकात छापून आणा, मग त्याचा दाखला द्या. तोवर पाळीचे, तुडुमाचे फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात) चढवा. त्याला पुस्तक लागत नाही, मात्र फोटो स्वतः काढलेला हवा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला नको.

झाडीचा_पोट्टा: फोटोचं पटलं. छापाचं नाई. छापाले पैसा लागते, वळख लागते. तवरी सांगनारा म्हातारा राहीन का?

गुरुजी_गोंदिया: म्हणून रेकॉर्डिंग आजच करून ठेवा. पानावर मात्र ते आज जाणार नाही, यावर मी ठाम आहे.

धानपट्टा: मीही गावावरच ठाम आहे. जनगणनेचे आकडे, गॅझेटियरमधला उल्लेख आणि स्वतःचे फोटो एवढ्यावर गावाचं पान नीट उभं राहतं. कौतुक कोणी लिहू लागला तर मी बाजूला बसून थांबवीन. वाचनालयाच्या नावानं एकच खातं काढावं का?

वैनगंगेकाठ: नको, सामायिक खातं चालत नाही. ज्याचं त्याचं वेगळं, टोपणनाव चालतं. पोरांना खाती घरूनच काढून यायला सांगा. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती निघतात, सातवा तिथं अडकेल.