मदत हवी आहे: अणू, रेणू आणि परमाणूचा घोळ

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. मुलगी आठवीत, मराठी माध्यम. घरी यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघते आणि तिथं ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. आपल्या अणूला ते ‘परमाणु’ म्हणतात! काल तिनं पाण्याचा रेणू काढला, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, अगदी बरोबर. खाली नाव लिहिलं ‘अणू’. खोडून खोडून कागद फाटला, रडायलाच लागली.

मग साखर घेऊन बसलो. एका रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22, ऑक्सिजनचे 11, एकूण 45 अणू. हे पटलं. पण साखर संयुग आणि गुऱ्हाळातला गूळ मिश्रण, हे कसं समजावू? "दोन्ही उसाचंच ना," म्हणते. शिक्षक मंडळींनी घरी करता येईल असा एखादा प्रयोग सुचवावा. सोमवारी चाचणी आहे.