रुग्ण स्वतःच विचारतो तेव्हा

निदान रुग्णापासून लपवावे असा नातेवाइकांचा आग्रह असेल, तर परिचारिकेने डॉक्टरांकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, हे मत मला अपुरे वाटते. डॉक्टर फेरी आटोपून निघून जातात, पण रात्री सलाईन बदलताना "सिस्टर, मला नक्की काय झालंय?" हा प्रश्न तिलाच ऐकावा लागतो. निदान सांगणे तिचे काम नाही, हे मान्य. तरीही "काही नाही, लवकर बरे व्हाल" असे म्हणणे आणि "तुम्हाला काय काय जाणून घ्यायचे आहे ते सांगा, सकाळी डॉक्टरांना तुमच्याशी बोलायला सांगते" असे म्हणणे, यांत फार मोठे अंतर आहे, कारण पहिले सरळ खोटे आहे. रुग्णाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत नोंदवून पुढच्या पाळीला सोपवावा. तोंडी निरोप हरवतात.

नातेवाइकांचा हेतू बहुधा मायेचाच असतो, त्यांना दटावू नये. मात्र आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेनुसार, संमती देण्यापूर्वी रुग्णाला अचूक, पुरेशी व वेळेवर माहिती मिळेल हे पाहणे परिचारिकेचेही कर्तव्य आहे.

योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या चौकटीमुळे करता येत नाही, या अवस्थेला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हटले. म्हणूनच अशा प्रसंगी तिने एकटीने निर्णय ओढवून न घेता प्रभारी परिचारिकेला आणि डॉक्टरांना त्याच पाळीत सामील करून घ्यावे, आणि त्यांनीही तिचे म्हणणे तक्रार समजू नये.