मदत हवी आहे: न्यूझीलंडमध्ये पक्षाचं मत छोट्या पक्षाला द्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी ऑकलंडला राहते. इथे रेसिडेंट व्हिसा असेल आणि देशात सलग वर्षभर राहून झालं असेल, तर नागरिकत्व न घेताही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. माझी ही इथली पहिलीच निवडणूक असेल, त्यामुळे नीट समजून मत द्यायचं आहे.

प्रत्येकाला दोन मतं असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला. १२० जागांमध्ये कोणाचा वाटा किती, हे मुख्यतः पक्षाच्या मतावर ठरतं. माझा कल एका छोट्या पक्षाकडे आहे.

बाबांना ते पटत नाही. एप्रिल १९९९ मध्ये अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला आणि वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. दोनच मोठे पक्ष असले की देश स्थिर राहतो, असं ते म्हणतात. नवरा काही वर्षं अमेरिकेत होता, त्याचं म्हणणं नेमकं उलट. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी एकही त्यांच्या वाट्याला आला नाही. इतक्या माणसांच्या मताला काहीच किंमत नसावी, हे मलाही फार खटकतं.

न्यूझीलंडही पूर्वी असंच होतं. १९७८ आणि १९८१ मध्ये देशभरात जास्त मतं लेबर पक्षाला पडली, सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांहून जास्त मतं होती आणि ९२ पैकी जागा फक्त २. शेवटी १९९३ मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन पद्धतच बदलली आणि १९९६ पासून ही दोन मतांची पद्धत आली.

आता माझी अडचण. मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा नियम वाचला: एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायचा आणि सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकणार असेल, तर हळूहळू दोनच पक्ष उरतात, कारण मत वाया जाईल या भीतीने लोक तिसऱ्याला सोडतात. मग भारतात हीच पद्धत असून इतके पक्ष कसे? आणि इथे छोटा पक्ष सरकारला खरंच वेठीला धरतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

भारताचं कोडं मतदारसंघाच्या पातळीवर पाहिलं की बरंचसं सुटतं. द्युव्हर्जेचा नियम लागू होतो तो एकेका मतदारसंघात. केरळमध्ये लढत डावी आघाडी आणि काँग्रेसप्रणीत आघाडी यांच्यात, तमिळनाडूत कित्येक दशकं दोन द्रमुकांमध्ये, बंगालमध्ये आता तृणमूल आणि भाजपमध्ये. जागोजागी सामना बहुधा दोघांचाच, पण जोड्या वेगळ्या. त्या सगळ्या लोकसभेत एकत्र येतात, म्हणून तिथे पक्षांची गर्दी दिसते. महाराष्ट्रातही २०२४ ला सहा मोठे पक्ष होते, तरी मुख्य लढत महायुती आणि महाविकास आघाडी अशीच झाली.

कॅनडाचं १९९३ चं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. सत्तेवर असलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभर विखुरलेली १६ टक्के मतं मिळाली आणि जागा २. ब्लॉक केबेक्वाला त्याहून कमी, साडेतेरा टक्के मतं. पण ती सगळी एकट्या क्वेबेक प्रांतात असल्याने जागा ५४, आणि हाच पक्ष अधिकृत विरोधी पक्ष झाला. ही पद्धत छोट्या पक्षांना सरसकट मारत नाही. ज्यांचे मतदार एका भागात दाटलेले नाहीत, त्यांना मारते.

प्रतिसाद २

बाबांची भीती मला मान्य आहे, पण इथला अनुभव पाहा. १९९८ मध्ये नॅशनल आणि न्यूझीलंड फर्स्ट हा छोटा पक्ष यांची युती तुटली, तरी सरकार अल्पमतात राहून १९९९ च्या निवडणुकीपर्यंत चाललं. इथे छोटे पक्ष अनेकदा मंत्रिमंडळात न बसता फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प या दोन बाबतींत साथ देण्याचा लेखी करार करतात. आपल्याकडच्या बाहेरून पाठिंब्यासारखंच, पण कलमं छापील आणि सर्वांना वाचायला खुली.

वेठीला धरण्याची मर्यादाही नुकतीच दिसली. २०२३ नंतरच्या सरकारात ॲक्ट या छोट्या पक्षाने वैतांगी कराराच्या (ब्रिटिश राजसत्ता आणि इथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातला १८४० चा करार) तत्त्वांचं विधेयक आणायला लावलं. युतीच्या करारात नॅशनलने पहिल्या वाचनापुरताच पाठिंबा दिला होता. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. ते ११ म्हणजे ॲक्टचे स्वतःचे खासदार. विषय पटलावर आणण्याची ताकद छोट्या पक्षाकडे आहे, आणि त्या विधेयकाने माओरी समाजाला किती दुखावलं ते पाहता ती ताकद किरकोळ म्हणता येणार नाही. पण कायदा करायला बहुमतच लागतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कॅनडाचं उदाहरण बाबांना आजच सांगते. एक राहिलं: ५ टक्क्यांची अट असते ना? माझा पक्ष त्याखाली राहिला तर?

प्रतिसाद २

५ टक्के मतं किंवा मतदारसंघाची एक तरी जागा, दोहोंपैकी एक हवं. २००८ मध्ये न्यूझीलंड फर्स्टला ४ टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती आणि जागा शून्य. ॲक्टला त्याहून कमी, ३.६५ टक्के, पण त्यांचे रॉडनी हाइड एपसम मतदारसंघातून निवडून आले आणि पक्षाला एकूण ५ जागा मिळाल्या. मला ही दुसरी वाट अन्यायाची वाटते, पण नियम तोच आहे. तेव्हा तुमचा पक्ष जनमत चाचण्यांमध्ये पाच टक्क्यांच्या वर आहे का, नसेल तर एखादा मतदारसंघ त्याच्या हातात आहे का, एवढं आधी पाहा. दोन्ही नसेल तर पक्षाचं मत वाया जाण्याचा धोका खरा आहे. उमेदवाराचं मत मात्र जुन्याच पद्धतीने मोजतात, त्यामुळे तिथे पहिल्या दोघांतला जो बरा वाटेल त्याला दिलंत तरी चालेल. दोन्ही मतं एकाच पक्षाला द्यायचं बंधन नाही.